गावित मायलेकी बालहत्या प्रकरण

गावित मायलेकी बालहत्या प्रकरण हे महाराष्ट्रात १९९० ते १९९६ या काळात घडलेल्या लहान मुलांच्या अपहरण व खून मालिकेचे प्रकरण आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, या तिघी प्रमुख आरोपी होत्या. पुणे, ठाणे, कल्याण, नाशिक आणि कोल्हापूर या शहरांच्या परिसरातून मुले पळवायची, चोऱ्या करताना त्यांचा आडोसा म्हणून उपयोग करायचा आणि मूल अडचणीचे वाटू लागले की त्याला ठार मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. खटला सुरू होण्यापूर्वीच अंजनाबाईचा कोठडीत मृत्यू झाला. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. ती उच्च व सर्वोच्च न्यायालयांनी कायम केली; परंतु दयेच्या अर्जावरील निर्णयास झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी तिचे रूपांतर जन्मठेपेत केले.

पार्श्वभूमी

अंजनाबाई मूळची नाशिक परिसरातील. पहिल्या जोडीदारापासून तिला रेणुका झाली. त्याने सोडून दिल्यानंतर तिने एका माजी सैनिकाशी संसार थाटला. सीमा ही या दुसऱ्या संबंधातून झालेली मुलगी. पुढे या पतीनेही तिला सोडून दुसरा विवाह केला. त्याच्याविषयी आणि त्याच्या नव्या कुटुंबाविषयी अंजनाबाईच्या मनात राहिलेला आकस या प्रकरणाच्या शेवटी निर्णायक ठरला.

उदरनिर्वाहासाठी अंजनाबाई चोऱ्या करीत असे आणि दोन्ही मुली त्याच वातावरणात वाढल्या. जत्रा, देवळे, मिरवणुका, बसस्थानके अशा गर्दीच्या ठिकाणी पाकीटमारी करणे आणि स्त्रियांच्या गळ्यातील दागिने लांबवणे, हे त्यांचे नेहमीचे गुन्हे होते. रेणुकाच्या विवाहानंतर तिचा पतीही या टोळीत सामील झाला.

गुन्ह्यांची पद्धत

खटल्यात मांडल्या गेलेल्या हकिकतीनुसार या मालिकेची सुरुवात एका योगायोगाने झाली. १९९० च्या सुमारास रेणुका चोरी करताना पकडली गेली. त्या वेळी तिचे स्वतःचे तान्हे मूल तिच्याजवळ होते. कडेवर लेकरू असलेली बाई चोरी कशी करील, असा कांगावा करून तिने जमावाची सहानुभूती मिळवली आणि ती सुटली. मूल जवळ असले की संशय येत नाही आणि पकडले गेलो तरी सुटका होते, हे मायलेकींच्या ध्यानात आले. त्यानंतर त्यांनी इतरांची मुले पळवण्यास सुरुवात केली.

पहिला बळी ठरलेले मूल एका भिक्षेकरी स्त्रीचे होते. कोल्हापुरात देवळाच्या परिसरात सीमा चोरी करताना पकडली गेली, तेव्हा लोकांचे लक्ष वळवण्यासाठी अंजनाबाईने ते मूल जमिनीवर आपटले. जखमी मुलाकडे लोक धावले आणि त्या गोंधळात सीमा निसटली. जखमी मूल सतत रडत असल्याने ते पुढच्या चोरीत अडचणीचे ठरेल, म्हणून त्याच दिवशी त्याला ठार मारण्यात आले.

पुढील सहा वर्षे हाच क्रम कमीअधिक फरकाने चालू राहिला. पळवलेली मुले बहुतेक अगदी लहान, स्वतःचे नाव-गाव नीट सांगता न येणारी होती. काही मुलांना काही दिवस वा आठवडे सांभाळले जाई. मूल आजारी पडले, रडू लागले किंवा मोठे होऊन ओळख सांगू शकेल असे वाटले की त्याला मारून मृतदेह निर्जन ठिकाणी टाकला जाई.

अटक आणि तपास

सहा वर्षे चाललेली ही मालिका उघडकीस आली ती कौटुंबिक वैरातून. सोडून गेलेल्या पतीवर सूड उगवण्यासाठी मायलेकींनी त्याच्या दुसऱ्या पत्नीपासून झालेल्या थोरल्या मुलीचे अपहरण केले आणि तिचा खून केला. त्यानंतर धाकट्या मुलीलाही पळवण्याचा त्यांचा बेत होता. मुलीच्या आईने संशयितांची नावे पोलिसांना सांगितली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये मायलेकींना अटक झाली.

या खुनाआधीच्या घटनांमध्ये आरोपी व मूल यांच्यात कोणतेही नाते नव्हते, त्यामुळे संशयाची दिशाच मिळत नव्हती. एका शहरातून मूल हरवे, दुसऱ्या शहरात त्याचा वापर होई आणि तिसऱ्याच ठिकाणी बेवारस मृतदेह सापडे. हरवलेल्या मुलाची नोंद एका पोलीस ठाण्यात आणि आकस्मिक मृत्यूची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात, अशा स्थितीत दोन्हींचा मेळ बसत नसे. संगणकीकृत नोंदींपूर्वीचा तो काळ होता. शिवाय हरवलेली अनेक मुले गरीब, फिरत्या किंवा रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबांतील होती.

खटला

रेणुकाचा पतीही सुरुवातीला आरोपी होता. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ नुसार, सहगुन्हेगाराने घडलेली सर्व हकिकत खरीखुरी सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला माफी देऊ शकत असे. अशा व्यक्तीस माफीचा साक्षीदार म्हणतात. रेणुकाच्या पतीला अशी माफी मिळाली आणि त्याची साक्ष अभियोगाचा कणा ठरली. मात्र, केवळ माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा न देता महत्त्वाच्या बाबींत स्वतंत्र पुराव्याची पुष्टी शोधावी, हा न्यायालयांचा रूढ दंडक आहे. म्हणून प्रत्येक मुलाच्या बाबतीत अपहरणाची फिर्याद, मुलाला आरोपींसोबत पाहिलेले साक्षीदार, मृतदेहाची ओळख आणि वैद्यकीय पुरावा यांची साखळी वेगवेगळी सिद्ध करावी लागली. सरकारी पक्षातर्फे उज्ज्वल निकम यांनी विशेष सरकारी वकील म्हणून काम पाहिले.

अंजनाबाईचा १९९७ मध्ये कोठडीतच आजाराने मृत्यू झाल्याने तिच्यावरील कारवाई संपुष्टात आली. ती कटाची सूत्रधार मानली जाते. परंतु तिच्यावर खटला चालून दोष सिद्ध झालेला नाही, हा फरक कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जून २००१ मध्ये कोल्हापूर सत्र न्यायालयाने रेणुका व सीमा यांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा दिली.

अपिले

सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात आणता येत नाही. त्यानुसार प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले आणि ८ सप्टेंबर २००४ रोजी शिक्षा कायम झाली. त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी फेटाळले.

बचनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने फाशी केवळ ‘विरळातील विरळ’ प्रकरणांत द्यावी, असे तत्त्व घालून दिले होते. या निकषानुसार आरोपींच्या बाजूने शिक्षा सौम्य करण्याजोगे काय आहे, हे तपासावे लागते. त्या स्त्रिया आहेत यापलीकडे असे काही आढळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे गुन्हे कोणत्याही सक्तीपोटी घडले नव्हते, दीर्घकाळ योजनापूर्वक चालू होते आणि आरोपींमध्ये सुधारणा होण्याची शक्यता दिसत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

दयेचा अर्ज आणि शिक्षेतील बदल

न्यायालयीन मार्ग संपल्यानंतर दोषी व्यक्ती संविधानाच्या कलम १६१ नुसार राज्यपालांकडे आणि कलम ७२ नुसार राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करू शकते. गावित बहिणींनी २००८ मध्ये असा अर्ज केला. तो राज्यपालांनी व अखेर २०१४ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी फेटाळला. स्वतंत्र भारतात फाशी दिल्या जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया ठरतील, अशा बातम्या त्या वेळी सर्वत्र प्रसिद्ध झाल्या.

त्याच वर्षी जानेवारीत शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला होता. दयेच्या अर्जावरील निर्णयास शासनाकडून अवाजवी व अकारण विलंब झाल्यास, फाशीच्या छायेत घालवलेला तो काळ संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग ठरतो आणि शिक्षा जन्मठेपेत बदलता येते, असे त्यात म्हटले होते. याच आधारे गावित बहिणींनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

न्यायमूर्ती नितीन जामदार व न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांच्या खंडपीठाने १८ जानेवारी २०२२ रोजी निकाल दिला. दयेचा अर्ज निकाली निघण्यास सात वर्षे दहा महिने पंधरा दिवस लागले आणि या विलंबास मुख्यतः राज्य शासनाच्या यंत्रणेची बेफिकिरी कारणीभूत आहे, असे न्यायालयाने नमूद केले. गुन्ह्यांच्या क्रौर्याविषयी न्यायालयाला कोणतीही शंका नव्हती. त्यांचा निषेध करण्यास शब्द अपुरे आहेत, असेही निकालात म्हटले आहे. तत्काळ सुटकेची मागणी अमान्य झाली. म्हणजे दोषसिद्धी कायम राहिली, केवळ शिक्षेचे स्वरूप बदलले. बळी गेलेल्या मुलांच्या कुटुंबांच्या दृष्टीने पाहता, १९९६ च्या अटकेपासून अंतिम शिक्षा ठरेपर्यंत २५ वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

बळींच्या संख्येविषयी मतभेद

या प्रकरणाविषयीच्या लेखनात बळींची संख्या एकसारखी आढळत नाही. बातम्यांमध्ये अपहृत मुलांची संख्या कधी १३, कधी १४, तर खुनांची संख्या ५, ६ किंवा ९ अशी दिली जाते. लोकप्रिय कथनांत ती ४० च्याही पुढे जाते. खटला मात्र १३ मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांपैकी काहींच्या खुनांचा होता आणि अपिलांनंतर पाच खुनांची दोषसिद्धी टिकली.

हा फरक समजून घेण्यासाठी पुराव्याचे नियम लक्षात घ्यावे लागतात. तत्कालीन भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कलम २७ नुसार आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू वा मृतदेह प्रत्यक्ष सापडला, तर तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. मृतदेह सापडला नाही, सापडला तरी ओळख पटली नाही किंवा पालकच पुढे आले नाहीत, तर संशय कितीही दाट असला तरी खून सिद्ध करणे अवघड होते. त्यामुळे पाच हा आकडा न्यायालयात सिद्ध झालेल्या खुनांचा आहे. प्रत्यक्षात तेवढीच मुले दगावली, असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच, त्याहून मोठे आकडे सिद्ध झाल्यासारखे सांगणेही चुकीचे आहे.

चित्रण आणि लोकस्मृती

मराठी वृत्तपत्रांनी हे प्रकरण अटकेपासून निकालापर्यंत सविस्तर छापले. पुढे दूरचित्रवाणी आणि आंतरजालावरील गुन्हेकथांमधून ते वारंवार सांगितले गेले. सुमन मुखोपाध्याय दिग्दर्शित ‘पोशम पा’ (२०१९) हा हिंदी चित्रपट या प्रकरणावर बेतलेला आहे. त्यात माही गिल, सयानी गुप्ता आणि रागिणी खन्ना यांनी मायलेकींच्या भूमिका केल्या असून पात्रांची नावे बदललेली आहेत. चित्रपटाचे नाव मुलांच्या एका पारंपरिक खेळावरून घेतले आहे.

अशा कथनांत आई-मुलींचे नाते आणि स्त्रीच्या हातून घडलेले क्रौर्य यांवर भर असतो. आई म्हणजे वात्सल्य, या रूढ समजुतीला बसलेला धक्का हे त्याचे एक कारण आहे. गुन्ह्यांचे यशही त्याच समजुतीवर अवलंबून होते, कारण कडेवर मूल घेतलेल्या बाईचा कोणाला संशय येत नसे. याउलट, बळी गेलेली मुले आणि त्यांची कुटुंबे या कथनांत क्वचितच दिसतात.

मुले पळवणाऱ्या टोळ्यांची भीती महाराष्ट्रात अनेकदा अफवांच्या रूपाने पसरली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे अशाच अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्या घटनेचा गावित प्रकरणाशी थेट संबंध नाही. तथापि, दोन्ही घटना शेजारी ठेवल्या असता एक विसंगती लक्षात येते. गावित प्रकरणातील पहिले बळी ठरलेले मूल एका भिक्षेकरी स्त्रीचे होते आणि राईनपाड्यात मुले पळवण्याच्या संशयावरून मारले गेले तेही भिक्षेकरीच होते.

हेही पहा

मानवत हत्याकांड
जोशी-अभ्यंकर हत्याकांड
भारतातील मृत्युदंड
माफीचा साक्षीदार