प्राणिसंग्रहालय कसें पाहावें?

सुट्टी लागली म्हणजे मुलांच्या मनांत प्रवासाचे बेत सुरू होतात. आईवडील सवड काढतात, मोटारींत डबे व सामान भरलें जातें आणि मंडळी निघतात. परंतु परत आलेल्या मुलास "काय पाहिलेंस?" असें विचारलें, तर "वाघ, हत्ती आणि माकड" एवढेंच उत्तर पुष्कळदा मिळतें. हीं नांवें तर त्यास घरींच ठाऊक होतीं! मग इतके कोस जाऊन मिळविलें काय? नुसतें पाहणें आणि निरखणें यांत मोठें अंतर आहे. निरखावें कसें, हें मुंबई ते पुणें या परिचित वाटेवरील तीन ठिकाणांच्या आधारें येथें सांगावयाचें आहे.

पहिलें ठिकाण भायखळ्याची राणीची बाग. ही १८६२ सालीं स्थापन झाली. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. येथें सकाळीं दार उघडतांच जावें. वाघ-बिबळ्यांसारखे प्राणी बहुधा पहांटे व सायंकाळीं हिंडतात आणि भर दुपारीं सावलींत पडून राहतात. बाराच्या उन्हांत गेलेल्या मुलास निजलेला वाघ दिसला, तर तो दोष वाघाचा नव्हे, आपल्या वेळेचा होय.

येथील पेंग्विन पाहण्यास मुलें फार उत्सुक असतात. पेंग्विन म्हटला कीं बर्फ, अशी आपली समजूत. परंतु हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तेथें बर्फ नाहीं. मात्र किनाऱ्यालगत वाहणारा सागरप्रवाह थंड आहे. म्हणून मुंबईच्या उकाड्यांत त्यांचें दालन यंत्रांनीं गार ठेवावें लागतें. २०१६ सालच्या जुलैंत असे आठ पक्षी दक्षिण कोरियांतून आणले. त्यांतील एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दगावला. दूरदेशींचा जीव आपल्या घरीं आणणें म्हणजे केवढी जबाबदारी शिरावर घेणें होय, हें मुलांस यावरून समजावून द्यावें.

बागेच्या आवारांतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असून त्याजवळ एक दगडी हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें तें याच्यावरून. १८६४ सालीं त्यास इंग्लंडास नेण्याची खटपट झाली, तींत तो फुटला; पुढें त्याचे तुकडे सांधून त्यास येथें उभें केलें. त्याजवळ क्षणभर थांबून मगच पुढची वाट धरावी.

बोरघाट चढतांना कित्येक मुलांस मळमळतें. कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय "आपण हलत आहों" असें मेंदूस कळवितें, आणि पुस्तकावर खिळलेले डोळे "सर्व स्थिर आहे" असें सांगतात. या विसंगतीनें पोट ढवळतें. म्हणून घाटांत वाचूं नये. दूरच्या डोंगराकडे पाहावें, खिडकी थोडी उघडावी आणि निघण्यापूर्वीं पोटभर जेवूं नये.

लोणावळ्याच्या पुढें, एकवीरा देवीच्या देवळालगत, कार्ल्याचीं लेणीं आहेत. येथील चैत्यगृह सुमारें दोन हजार वर्षांचें आहे व त्याच्या छताच्या सागवानी कमानी अद्याप टिकून आहेत. दारापुढील स्तंभावर सिंह कोरलेले आहेत, ओसरीच्या भिंतींशीं हत्ती उभे आहेत, आणि आंतील खांबांच्या माथ्यावरही हत्ती बसविले आहेत. ज्यांनीं ते घडविले त्यांनीं हत्ती किती बारकाईनें निरखिला असेल! मुलांनीं भायखळ्याचा हत्ती आठवावा आणि कान, सोंड, गुडघे यांची तुलना करावी. आणि हेंही लक्षांत घ्यावें कीं, आशियांतील सिंह आज रानांत मोकळा आढळतो तो केवळ गुजराथेंत, गीर व त्याच्या आसपास.

तिसरें ठिकाण पुण्याजवळील कात्रज. तेथें १९८६ सालीं सर्पोद्यान निघालें, आणि १९९९ पासून सुमारें १३० एकरांचें राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. येथें सर्पांपाशीं सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण सर्प आपल्या शेताबांधावर भेटतो. त्यास बाहेरून दिसणारे कान नसतात. जिभेनें तो वास गोळा करितो. दूध हें त्याचें अन्न नव्हे. आणि तो डूख धरून पाठलाग करीत नाहीं. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांची ओळख मुलांनीं येथेंच करून घ्यावी. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां विलंब न लावतां रुग्णालय गाठावें; सर्पविषावरचें औषध तेथेंच मिळतें. एवढें एक ज्ञान घरीं आलें, तरी सारा खर्च भरून निघाला.

आतां शिष्टाचार. काचेवर बोटें आपटणें, शिट्ट्या वाजविणें, शेंगा-बिस्किटें टाकणें हे प्रकार नित्य दिसतात. हरणानें गिळलेली प्लास्टिकची पिशवी त्याच्या पोटांत अडकते आणि तें तडफडून मरतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं घातलेल्या कलमांप्रमाणें प्राण्यांस चिडविणें, खाऊ घालणें, गोंगाटानें त्रास देणें व आवारांत केर टाकणें यांस मनाई आहे. पण मूल कायदा वाचीत नाहीं. तें वडिलांचे हात पाहतें.

शेवटीं एक प्रश्न उरतो आणि तो मुलेंच विचारतात : "याला कोंडून कां ठेवलें आहे?" हा प्रश्न दडपूं नये. पूर्वीं राजेरजवाडे वैभव मिरविण्यासाठीं प्राणी पाळीत. आतां जखमी व पोरक्या प्राण्यांचा सांभाळ, दुर्मिळ जातींची वाढ आणि लोकशिक्षण हे हेतु मानले जातात. ते कोठें साधले व कोठें नाहीं, हें मुलांनींच पाहावें. एकच फेरी तासन्‌तास घालणारा प्राणी दिसला, तर ती कोंडवाड्याच्या कंटाळ्याची खूण असूं शकते, हें त्यांस सांगावें.

तेव्हां पालकहो, बुधवार टाळून निघा, कारण त्या दिवशीं दोन्ही संग्रहालयें बंद असतात. आणि विद्यार्थिमित्रहो, सोबत एक वही घ्या. प्रत्येक ठिकाणीं तीनच प्राणी निवडा. प्रत्येकापुढें पाव तास शांत उभे राहा. तो मूळचा कोठला, खातो काय, आणि आपण पाहत असतां त्यानें काय केलें, हें लिहा. तीन प्राणी नीट ओळखीचे झाले, तर तीस पाहिल्याहून तें अधिक होय.