मुसीच्या काठाने एक सकाळ

हैदराबादला आपल्यापैकी कोण गेलेले नाही? दवाखाना, लग्नाचा बस्ता, बेगम बाजारातली ठोक खरेदी, पोराची मुलाखत. देगलूर-धर्माबादकडच्या माणसाला वर्षातून एखादी फेरी पडतेच. चारमिनार आणि सालारजंग म्युझियम पाहून झाले की परतीची गाडी. पण इमलीबनच्या बसस्थानकावर आपण उतरतो ते नदीच्या पात्रात, हे किती जणांच्या ध्यानात येते? ती नदी मुसी. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून ती पुढे कृष्णेला मिळते. जुने नाव मुचकुंदा.

गेल्या हिवाळ्यात भाचरांना घेऊन मी एक सकाळ या नदीकाठी घालवली. पुरानापूल ते चादरघाट, साधारण तीन-साडेतीन किलोमीटरची रपेट.

आधी पूल, मग शहर

सुरुवात पुरानापुलापासून करावी. इब्राहिम कुली कुतुबशहाने हा दगडी पूल १५७८ साली बांधला. हैदराबाद वसले १५९१ साली. म्हणजे पूल शहराहून तेरा वर्षांनी वडील! खाली पाहून धाकटी म्हणाली, "मावशी, हीच का नदी?" तिचा प्रश्न खोटा नव्हता. शहराचे सांडपाणी मुसीत येते, पाणी काळपट आहे आणि वासही येतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

प्रवाहाच्या दिशेने निघालो की दक्षिण काठावर सिटी कॉलेज आणि हायकोर्ट लागते. समोरच्या काठावर उस्मानिया दवाखाना आहे. तिन्ही इमारतींचे आराखडे व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाचे. आपले नरहर कुरुंदकर याच सिटी कॉलेजात शिकायला होते. आणि १९२० साली उभ्या राहिलेल्या त्या हायकोर्टात निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या शेतीवाडीचे दावे चालत. आजोबांच्या तोंडून 'हैदराबादची तारीख' हे शब्द ऐकलेल्यांना ही इमारत परकी वाटणार नाही.

चिंचेच्या झाडाखाली

या इमारती एकाच काळातल्या का, याचे उत्तर दवाखान्याच्या आवारात उभे आहे. ते एक चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असा अंदाज सांगतात. या झाडावर चढून दीडशेजण वाचले, असेही सांगतात. रुबाया लिहिणारे कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पुरात गेली. ते एकटे उरले.

सहाव्या निजामाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला दोन धरणे बांधा, हा त्यांचा सल्ला. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. दरम्यान १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन झाले, काठ बांधून काढले गेले, बागा झाल्या. मुलांना मी झाडाखाली बसवून हे सांगितले. पाठ्यपुस्तकातले विश्वेश्वरय्या त्यांना तिथे खरे वाटले.

पूर संपला नाही

जुलै २०२०मध्ये पावसाचे पाणी उस्मानिया दवाखान्याच्या वॉर्डांत शिरले आणि जुनी इमारत रिकामी करावी लागली. नव्या दवाखान्याची पायाभरणी २०२५ साली गोशामहलला झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी धरणांचे दरवाजे उघडल्यावर इमलीबनच्या बसस्थानकात पाणी शिरून प्रवासी अडकले. महापुराला ११७ वर्षे होत होती, त्याच दिवसांत.

चादरघाटाकडे जाताना पात्रालगतची घरे दिसतात. नदीकाठ सुधारण्याच्या योजनेसाठी २०२४ साली इथल्या घरांवर खुणा झाल्या, काही पाडली गेली. काही कुटुंबे सरकारी सदनिकांत गेली, काहींनी विरोध केला. नदी मोकळी व्हायला हवी, हे चिंचेचे झाड पाहून आलेल्या कुणालाही पटेल. पण कामधंदा आणि पोरांची शाळा इथे असताना लांब जाऊन राहायचे कसे, हा त्यांचा प्रश्नही खराच. काठ सुशोभित करताना दोन्ही गोष्टी सांभाळल्या गेल्या, तरच हा वारसा जपला असे म्हणता येईल.

जाणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला रविवार निवडावा आणि सकाळी सातला निघावे, म्हणजे रहदारी कमी असते. पायात बूट, पिशवीत पाणी आणि थोडे खाणे असावे. चादरघाटाहून कोठीची जुनी रेसिडेन्सी जवळच आहे. ती विद्यापीठाच्या आवारात असल्याने आधी चौकशी करून जावे. पुढे जांबागला केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी आहे. तिथली मराठी पाटी पाहून मुले हरखतात. दुपारी जेवून उस्मानसागर, म्हणजे गंडीपेठ गाठावे. तिथले पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असे जुने हैदराबादकर म्हणतात. आमच्या भाचरांनाही त्या संध्याकाळी बांधावरून उठवताना बरीच मिनतवारी करावी लागली.