कबड्डीतला बचाव आणि तो शिकवणारे अनुभवी प्रशिक्षक

कबड्डीचा सामना बघून घरी येताना आपण कोणाबद्दल बोलतो? बहुतेक वेळा चढाई करणाऱ्याबद्दलच. "त्यानं एका चढाईत तीन गडी मारले," हे वाक्य औंढ्याच्या बसस्थानकापासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू येतं. पण ज्या कोपऱ्यातल्या पोरानं त्याच चढाईपटूचा घोटा धरून सामना फिरवला, त्याचं नाव दोन दिवसांनी कोणाला आठवत नाही. बक्षीसही बहुधा चढाईवाल्यालाच मिळतं. म्हणून शाळेत संघ निवडायचा म्हटलं की दहापैकी आठ जण हात वर करतात ते चढाईसाठी, आणि बचावात उरलेली मुलं उभी केली जातात.

आजच्या पाठात आपण बचाव म्हणजे नेमकं काय, तो कसा शिकवतात आणि त्यासाठी अनुभवी प्रशिक्षक का लागतो, हे समजून घेणार आहोत.

बचावाचा वेगळा गुरू असतो का?

हो, असतो. जगातल्या मोठ्या सांघिक खेळांत बचाव हा स्वतंत्र विषय मानला जातो. अमेरिकन फुटबॉलचंच उदाहरण घ्या. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचा आणि समोरच्यांनी त्याला अडवायचं, असा तो खेळ. मैदानात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू असतात आणि चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावं लागतं. तिथे आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे. बचावाचा मुख्य प्रशिक्षकही वेगळा. त्याच्या हाताखाली पुढची फळी, मधली फळी आणि मागची फळी यांचे पुन्हा निराळे प्रशिक्षक असतात. डिक लेबो नावाचे गृहस्थ डेट्रॉइट लायन्सकडून १४ मोसम बचावपटू म्हणून खेळले आणि नंतर कित्येक दशकं बचावच शिकवत राहिले. म्हणजे एकच विषय आयुष्यभर शिकवला तरी संपत नाही, बघा.

हा खेळ महाराष्ट्रालाही अगदी अनोळखी नाही. २०१२ मध्ये भारतात त्याची एक व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते. पण हिंगोली जिल्ह्यातल्या लेकरांना ज्या खेळात हीच विद्या शिकायला मिळू शकते तो खेळ म्हणजे कबड्डी. समोरून येणाऱ्या गड्याला अंगाने अडवणं, त्याची चाल आधीच ओळखणं, सोबत्याला इशारा देणं, आणि हे सगळं स्वतःला किंवा समोरच्याला इजा न करता! दोन्ही खेळांत बचावाचा गाभा हाच.

कबड्डीत बचाव कसा उभा असतो?

मैदानात ७ खेळाडू असतात. डावा आणि उजवा कोपरारक्षक ही दोन टोकं. त्यांच्या आतल्या बाजूला डावा इन, उजवा इन, मग डावा आणि उजवा मध्यरक्षक, म्हणजे ज्याला आपण कव्हर म्हणतो, आणि मधोमध सेंटर. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिथून बोनस रेषा आणखी १ मीटरवर. चढाईला वेळ ३० सेकंद.

प्रत्येक जागेचं काम निराळं आहे:

* कोपरारक्षक: घोटा पकड, मांडी पकड. चढाईपटूचा पाय त्याच्या बाजूला आला की पहिला हात याचा.
* मध्यरक्षक: धडक मारून बाहेर काढणं, परतीची वाट अडवणं, कोपऱ्याला आधार देणं.
* साखळी: दोघांनी एकमेकांचे हात धरून केलेली जोडी. ही जोडी एका माणसासारखी हलली पाहिजे.

आता लक्षात घ्या, कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला, तर चढाईपटू हात लांबवून मध्यरेषेला टेकतो. मग धरणारा बाद, आणि मदतीला आलेले जेवढे त्याच्या अंगाला लागले तेवढे सगळे बाद. म्हणजे पकड एकट्याची कधीच नसते.

अनुभवी प्रशिक्षक नेमकं काय शिकवतो?

ताकद मुलांच्या अंगात असतेच. शेतात काम करणाऱ्या, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मुलांना ती वेगळी शिकवावी लागत नाही. शिकवावं लागतं ते पुढीलप्रमाणे.

१) उभं राहणं. गुडघे थोडे वाकलेले, वजन पंजांवर, पाठ सरळ, मान वर. नवीन पोरगं टाच टेकवून उभं राहतं, त्यामुळे त्याला हलायलाच वेळ लागतो. बाजूला सरकताना पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत, घसरते पाय टाकायचे. जुने प्रशिक्षक पहिले काही दिवस पकड करूच देत नाहीत, नुसतं सरकायला लावतात. मुलं कंटाळतात, पण पुढे हेच कामी येतं.

२) बघणं. चढाईपटूच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे बघितलं की फसवणूक झालीच समजा, कारण तो त्यांनीच हुलकावणी देतो. कंबरेकडे बघायचं. कंबर जिकडे वळते तिकडेच माणूस जातो. कोणता पाय पुढे टाकतो, बोनसला कोणत्या पायाने जातो, दमल्यावर कुठल्या बाजूने परततो, हे पहिल्या दोन-तीन चढायांतच टिपून ठेवायचं.

३) वेळ साधणं. चढाईपटू दोन्ही पायांवर भक्कम असताना पकड करणं म्हणजे भिंतीला धडक देणं. त्याचं वजन एका पायावर आलं, किंवा तो परत फिरायला वळला, तो क्षण पकडीचा.

४) हिशेब. ही गोष्ट मुलांना सगळ्यात उशिरा कळते. पकड यशस्वी झाली तर साधारण १ गुण आणि आपला एक बाद गडी आत. पण फसली आणि तीन जण अंगाला लागले, तर समोरच्याला ३ गुण आणि आपले ३ बाहेर. सगळेच बाद झाले तर लोण, म्हणजे वरून आणखी २ गुण. म्हणून २५ सेकंद झालेत, चढाईपटूने कोणाला स्पर्श केलेला नाही, तर त्याला मोकळ्या हाताने जाऊ देणं हाही बचावच आहे. उलट आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतील आणि पकड झाली, तर अव्वल पकड, म्हणजे एकूण २ गुण. तेव्हा धोका पत्करायला हरकत नाही. कधी थांबायचं आणि कधी झेपावायचं हे पुस्तकातून येत नाही. शेकडो सामने बघितलेला माणूस बाजूला उभा राहून सांगतो तेव्हा ते येतं.

५) बोलणं. गप्प बचाव हरतो. "डावा पाय", "बोनसला जातोय", "थांब", "आला" असे छोटे शब्द सतत चालू हवेत. कोपऱ्याचा आवाज मध्यरक्षकाला गेला नाही तर साखळी तुटते.

एक खरी गोष्ट: जकार्ता, २०१८

अनुभवी प्रशिक्षकाने काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी अनेक वर्षं तिथे मुलींना कबड्डी शिकवली. पुढे त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. देश परका, भाषा परकी. सरावात त्यांनी योग आणि प्राणायामाचीही जोड दिली.

२०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत महिलांच्या अंतिम सामन्यात इराणसमोर भारतच होता. इराण २७, भारत २४. सुवर्णपदक इराणला मिळालं. त्याच स्पर्धेत भारताचा पुरुष संघही उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला होता. १९९० पासून आशियाई खेळांत कबड्डी आहे, आणि तोवर पुरुषांचं सुवर्ण दर वेळी भारतानेच जिंकलं होतं. या संघाचा कर्णधार फझल अत्राचली, डावा कोपरारक्षक. प्रो कबड्डीत यू मुंबा आणि पुणेरी पलटण या आपल्या संघांकडूनही तो खेळला आहे. कोपऱ्यात उभं राहून सामना कसा चालवतात हे बघायचं असेल तर त्याचे सामने बघा. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने दोन्ही सुवर्णपदकं परत आणली, तीही अटीतटीची: महिलांचा अंतिम सामना २६-२५, पुरुषांचा ३३-२९.

यातून काय घ्यायचं? खेळ आपल्या मातीतला असला म्हणून तो आपल्याला आपोआप येत नाही. शिकवणारा जिथे जातो तिथे विद्या जाते.

गुरू लागतोच

औंढ्याच्या लेकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. नामदेव महाराजांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात मडकी थापटावीत तशी एकेकाची डोकी थापटली आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग ते गुरू शोधत नागनाथाच्या देवळात आले आणि तिथे त्यांना विसोबा खेचर भेटले. भक्ती नामदेवांकडे भरपूर होती, पण ती भाजून पक्की करणारा कोणीतरी लागला. खेळात अंगातली रग असते ती भक्तीसारखी, आणि प्रशिक्षक भट्टीसारखा.

सगळ्यात महत्त्वाचं: शरीर सांभाळणं

आता जरा गंभीर बोलू. टीव्हीवरची कबड्डी मॅटवर होते. आपली होते मुरमाच्या नाहीतर काळ्या मातीच्या मैदानावर. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते, भेगा पडतात. टीव्हीवर बघितलेली धडक पोरं तिथे करून बघतात, आणि गुडघा नाहीतर खांदा जातो. एकदा गुडघा दुखावला की ते मूल पुढच्या वर्षी मैदानात दिसत नाही. घरचेही म्हणतात, "बस झाला खेळ." मुलगी असेल तर तिचा खेळ कायमचाच सुटतो. खेळातून शासकीय नोकरीत असलेलं ५ टक्के आरक्षण, दहावी-बारावीचे वाढीव गुण, क्रीडा प्रबोधिनीतला प्रवेश या पुढच्या सगळ्या वाटा त्या एका चुकीच्या पकडीपाशी बंद होतात.

म्हणून अनुभवी प्रशिक्षक आधी पडायला शिकवतो, मग पकडायला. अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉलमध्येही आता हेच शिकवतात: अडवताना डोकं खाली घालायचं नाही, मान वर ठेवायची, धक्का खांद्याने द्यायचा. आपल्याकडेही तोच नियम ठेवा. घोटा धरताना डोकं चढाईपटूच्या दोन पायांमध्ये कधीच जाता कामा नये, ते बाहेरच्या बाजूला राहिलं पाहिजे. कबड्डीच्या नियमांतही हात, पाय आणि धड सोडून दुसरीकडे धरायला मनाई आहे. तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, केस किंवा कपडे ओढणं, हे सगळं चूकच.

आणि खरा प्रशिक्षक ओळखायची एक खूण सांगतो. सामना हातातून चाललाय, सगळ्यात चांगल्या बचावपटूचा घोटा सुजलाय, पोरगं म्हणतंय "सर, मी खेळतो." अशा वेळी जो त्याला खाली बसवतो तो खरा.

आपल्या गावात काय करता येईल?

सगळ्याच शाळांत खेळाचा वेगळा शिक्षक नसतो. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला प्रशिक्षक प्रत्येक तालुक्याला मिळेल असंही नाही. पण काही गोष्टी हातात आहेत.

1. मैदान खणून, चाळून, पाणी मारून मऊ करा. खडे वेचायला पूर्ण वर्ग लागला तरी चालेल.
2. जोड्या वजन बघून लावा. आठवीचं मूल आणि बारावीचा गडी यांना समोरासमोर उभं करू नका. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट त्यासाठीच आहेत.
3. रोज १० मिनिटं नुसतं सरकणं, १० मिनिटं पडणं आणि उठणं, मग पकड. पकडही आधी चालत, नंतर अर्ध्या वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने.
4. गावातला एखादा जुना कोपरारक्षक शोधा. आज तो शेती करत असेल, किराणा दुकान चालवत असेल. आठवड्यातून एक दिवस त्याला मैदानावर बोलवा. त्याच्या डोळ्यांना जे दिसतं ते पुस्तकात मिळणार नाही.
5. स्पर्धेत "उत्कृष्ट पकड" हे बक्षीस "उत्कृष्ट चढाई"च्या बरोबरीचं ठेवा. रक्कमही सारखी. मग बघा, बचावासाठी किती हात वर होतात.

१५ जुलै, म्हणजे कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. तोपर्यंत पावसाने माती मऊ झालेली असते. बचावाचा सराव सुरू करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

स्वाध्याय

1. बचावपटूने चढाईपटूच्या डोळ्यांऐवजी कंबरेकडे का बघावे? चार वाक्यांत लिहा.
2. तुमच्या संघाचे ३ खेळाडू उरले आहेत. पकड करावी की सोडून द्यावे? गुणांचा हिशेब मांडून उत्तर द्या.
3. तुमच्या गावातील एका जुन्या कबड्डीपटूला भेटा. त्यांना बचाव कोणी आणि कसा शिकवला, ते विचारून दहा ओळी लिहा.
4. "अनुभवी प्रशिक्षकाचे महत्त्व" या विषयावर निबंध लिहा.