सागरतळाच्या ध्वनिलेखांतील प्रक्षेप

२००१ साली खंभातच्या आखातात राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणात तळाशी चौकोनी, रांगेने मांडल्यासारख्या आकृत्या आढळल्या आणि बुडालेल्या प्राचीन नगराची वार्ता देशभर पसरली. तळातून उपसलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे ठरविण्यात आले. आक्षेपकांचे म्हणणे असे की, अशा रीतीने उपसलेल्या वस्तूंचा मूळ स्तर अज्ञातच राहतो आणि आकृत्यांची नियमितता ही काही अंशी अभिलेखनाचीच निर्मिती असू शकते. यांपैकी दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होय.

जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या सोनार यंत्रातून (सुवर्णकाराशी या शब्दाचा संबंध नाही) दोन्ही बाजूंना ध्वनिस्पंद सोडले जातात. समुद्रजलात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. म्हणून ७५ मीटरांवरील खडकाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात परततो. प्रत्येक स्पंदाची एक ओळ उमटते आणि ओळीखाली ओळ लागून तळाचे चित्र सिद्ध होते. परंतु त्याच जहाजावरील खोली मोजणारे यंत्रही स्पंद सोडीत असते. त्याची कंप्रता जवळपासची आणि आवर्तनकाल किंचित भिन्न असेल, तर त्याचा ठिपका प्रत्येक ओळीत सारख्या अंतराने सरकत जातो आणि पाहणाऱ्यास एक तिरपी, सरळ भिंत दिसू लागते. निसर्गात सरळ रेषा विरळ असतात हे खरे. यंत्रांत मात्र त्या विपुल असतात.

कंप्रता पुरेशा भिन्न ठेवणे, किंवा सर्व यंत्रांचे स्पंद एकाच घड्याळाच्या अधीन करणे, हे मूळावरचे उपाय. लेख हाती आल्यावर मध्यकाची गाळणी उपयोगी पडते: प्रत्येक बिंदू शेजारच्या ओळींशी ताडून पाहावयाचा आणि एकाच ओळीत आढळणारा आगंतुक ठिपका वगळावयाचा. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही रीत परकी वाटू नये. मात्र गाळणी निर्विवेक असते. एकदोन ओळींतच मावणारा दगडी नांगरही ती पुसून टाकते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आवृत्तीत वगळलेले श्लोक तळटिपांत व परिशिष्टांत सुरक्षित राहिले. तद्वत मूळ ध्वनिलेख अबाधित ठेवणे अगत्याचे आहे.

एकाच लेखावर पाच प्रकारे संस्कार केले, म्हणून पाच साक्षी मिळत नाहीत. त्या एकाच आदर्श प्रतीच्या पाच नकला होत. स्वतंत्र साक्ष मिळते ती तोच टापू निराळ्या दिशेने पुन्हा पाहिल्याने. खरी भिंत आपल्या अक्षांश-रेखांशावर स्थिर राहते. व्यत्ययाची भिंत जहाजाबरोबर वळते. खंभातला भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरांच्या आसपास जाते, प्रवाह वेगवान व पाणी गढूळ असते. पाणबुड्याच्या डोळ्यांची साक्ष तेथे सहजी मिळत नाही.