कोब्याच्या पोटातली ओल

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात कुणी ओल शोधत असेल, तर लोक हसतात. दुपारी पारा चाळिशीपार, दोरीवरचे कपडे बघता बघता खडखडीत, आणि गल्लीत चर्चा नळाला पाणी कधी येणार याची. अशा दिवसांत सातारा परिसरातल्या एका नव्या बॅडमिंटन हॉलमध्ये लाकडी कोर्ट टाकण्याआधीची तयारी मी बघत होतो. मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं : "आवो, फेब्रुवारीत कोबा केलाय. एवढ्या उन्हात ओल राहील कशी?"

फ्लोअरिंगवाल्या तरुणानं वाद घातला नाही. त्यानं आधी सपाटी बघायला घेतली. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर टेकवायची, पलीकडून बॅटरीचा उजेड मारायचा आणि खालून कुठे उजेड येतो ते बघायचं. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली की खडूनं गोल. उंचवट्यावर फुली, खड्ड्यात रेघ. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरायचं; आवाज पोकळ आला की तिथला थर सुटलेला, तो फोडून परत भरायचा. उंचवटे ग्राइंडरनं घासले गेले, खोलगट जागा लेव्हलिंगच्या मसाल्यानं भरल्या. हे सगळं डोळ्यांना दिसणारं काम होतं, आणि त्यावर मिस्त्रींचं आणि त्याचं एकमत होतं.

मतभेद सुरू झाले ते न दिसणाऱ्या गोष्टीवर. जुनी, स्वस्त चाचणी म्हणजे प्लास्टिकची. दीड फुटी चौकोनी तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करायचा आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचललं. ना थेंब, ना खालचा कोबा काळवंडलेला. मिस्त्री खुशीत आले. तरुण म्हणाला, "मामा, ही वरच्या कातडीची खबर झाली. पोटातलं अजून बघायचंय."

त्यानं कोब्याला ड्रिलनं भोकं पाडली. कोबा १०० मिलिमीटर जाडीचा, म्हणून भोक ४० मिलिमीटर खोल. पहिल्या हजार चौरस फुटांना तीन भोकं, पुढच्या प्रत्येक हजाराला एक. भुगा ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढला, आत प्लास्टिकची नळी बसवली, तोंड बंद केलं आणि चोवीस तास हात लावला नाही. मग आत सेन्सर सोडला. बहुतेक भोकांत आर्द्रता ८८ टक्क्यांच्या आसपास निघाली. लाकडासाठी ती साधारण ७५च्या आत हवी.

चाळीस टक्के खोलीच का, यात सगळी मेख आहे. उघडा कोबा फक्त वरून वाळतो. माथा कोरडा, तळ ओला. त्यावर आवरण पडलं की वाफेची वाट बंद होते आणि आतली ओल हळूहळू सगळीकडे सारखी पसरते. झाकल्यावर लाकडाखाली जितकी आर्द्रता येणार, तितकी आजच या खोलीवर सापडते. कडक ऊन इथे मदत करत नाही, उलट फसवतं : ते माथा झटकन वाळवतं आणि माणसाला वाटतं, काम झालं.

हे पाणी येतं कुठून? सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला रासायनिक क्रियेत बांधून घ्यायला बारा-तेरा लिटर पाणी पुरतं. पण माल थापता यावा म्हणून बावीस-पंचवीस लिटर ओतावंच लागतं. वर निदान सात दिवसांचं क्युरिंग, तेही टँकरच्या पाण्यानं. उरलेल्या पाण्याला बाहेर पडायला इंचाला महिना, असा ढोबळ हिशोब आहे. चार इंचांना चार महिने. तोही खालून नवी ओल येत नसेल तरच. मुरूम भराई आणि सोलिंग झाल्यावर प्लास्टिक अंथरलं होतं का, असं विचारलं तेव्हा मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. "कुणी सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले. इथल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरलं की अशा कोब्याचं वाळणं संपतच नाही.

दुसरा धोका लाकडातच होता. हवेत २५-३० टक्के आर्द्रता असली की लाकूड पाच-सहा टक्के पाण्यावर स्थिरावतं. ८० टक्के असली की पंधराच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात घट्ट बसवलेली फळी ऑगस्टमध्ये जागा मागणारच. मॅपलच्या ५७ मिलिमीटर पट्टीत पाणी चार टक्क्यांनी वाढलं, तर ती जेमतेम पाऊण मिलिमीटरनं फुगते. अशा शंभर पट्ट्या शेजारीशेजारी असल्या, की सात-आठ सेंटिमीटर. जागा मिळाली नाही तर फ्लोअर मधूनच उचललं जातं. म्हणून भिंतीलगत फट सोडून ती स्कर्टिंगनं झाकतात, पट्ट्यांमध्येही बारीक अंतर ठेवतात, आणि माल आधी हॉलमध्ये आणून तिथल्या हवेत मुरू देतात.

मालकांना जूनमध्ये शिबिर सुरू करायचं होतं. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या : ओल अडवणारा इपॉक्सीचा थर, किंवा थांबणं. पण खालून प्लास्टिक नसल्यानं नुसतं थांबून भागणार नव्हतं. शेवटी इपॉक्सीच ठरला. खर्च वाढला, शिबिर पुढे गेलं.

काम सुरू करण्याआधी तरुणानं प्रत्येक भोकाचा आकडा, तारीख आणि हॉलचं तापमान कागदावर मांडून त्यावर मालकांची सही घेतली. फ्लोअर उचललं की दोष आधी सुताराला लागतो. प्लास्टिक न टाकण्याचा निर्णय तोवर कोब्याखाली गाडला गेलेला असतो. भोकाला आणि सेन्सरला लागणारा खर्च फ्लोअरिंगच्या अंदाजपत्रकात नव्हे, तर पाया खोदतानाच्या अंदाजपत्रकात धरायला हवा. म्हणजे ओलीचा विचार तेव्हाच होतो, आणि तेव्हा प्लास्टिकचा एक थर टाकणं सगळ्यात स्वस्त असतं.