सरकारी ते सगळे सार्वजनिक नसते

सरकार पुरवते ती सार्वजनिक वस्तू, असे उत्तर परीक्षेत बिनधास्त लिहिले जाते. तसे असेल तर सरकारी दवाखान्यातली खाटही सार्वजनिक वस्तू ठरेल. पण तिच्यावर एक रुग्ण झोपला की दुसऱ्याला ती मिळत नाही. वस्तू कोणाच्या मालकीची, याच्याशी अर्थशास्त्राला इथे कर्तव्य नसते. ते दोनच गोष्टी विचारते. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याचा वाटा घटतो का? आणि पैसे न देणाऱ्याला दूर ठेवता येते का? दोन्हींचे उत्तर 'नाही' आले तरच ती शुद्ध सार्वजनिक वस्तू. देशाचे संरक्षण या कसोटीला उतरते, डासांची पैदास रोखल्याने वस्तीला मिळणारा दिलासाही उतरतो. एसटी उतरत नाही.

याहून चिवट समज असा, की अशा वस्तूचे पैसे वसूलच करता येत नाहीत. त्यासाठी पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या दीपगृहाचा दाखला देत आली. उजेड सगळ्यांनाच दिसतो, मग पैसे मागणार कोणाकडे? रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये जुनी कागदपत्रे चाळून दाखवले, की इंग्लंडमधली कित्येक दीपगृहे खासगी लोकांनी बांधली आणि चालवली. शुल्क भर समुद्रात मागायची गरजच नव्हती, ते बंदरात घेतले जाई. मात्र एवढ्यावरून 'बघा, सरकार नकोच' म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. शुल्क घेण्याचा हक्क राजसत्तेनेच दिलेला होता. आपल्याकडेही १९२७ च्या दीपगृह कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर असे शुल्क बसवले. २०२१ मध्ये नवा कायदा आला, आकारणी राहिली. बंदरात न शिरता पुढे निघून जाणारे जहाज मात्र उजेड फुकटच नेते.

शिक्षणाची गोष्ट निराळी. वर्गाला दार असते आणि फी न भरणाऱ्याला बाहेर ठेवता येते, म्हणून ती शुद्ध सार्वजनिक वस्तू नव्हे. तरीही सरकार तिच्यावर खर्च करते, कारण लोकांवर सोडले तर तिचा वापर हवा तेवढा होत नाही. अशा वस्तूंना रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी १९५० च्या दशकात 'मेरिट गुड्स' म्हटले. त्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. नुसते मोफत करून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मेरिट गुड सरकारनेच तयार करायला हवी, असेही नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखीव असतात. शिकवते खासगी शाळा, खर्चाची भरपाई करायची सरकारने. ती वेळेवर होत नाही ही शाळांची ओरड जुनीच आहे, पण तो वस्तूचा दोष नव्हे.

गोवराच्या लशीत तर दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. एक मात्रा एकाच बाळाला मिळते. पण बहुतेक मुलांनी ती घेतली की साथ पसरत नाही, आणि लस घेण्याएवढे मोठे न झालेले तान्हे मूलही वाचते. हे दुसरे संरक्षण मात्र शुद्ध सार्वजनिक. त्याचे बिल कोणत्याच घरी पाठवता येत नाही.