तपासणीविना जंतनाशक गोळी का?

“शौचतपासणी न करता सरसकट सर्व मुलांना गोळी का?” असे देणगीदार आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु तपासणीचा खर्च गोळीच्या किमतीहून कितीतरी अधिक. हिशेबाच्या माणसास हे चटकन पटते. अल्बेंडाझोल सुरक्षित असल्याने, जेथे २० टक्क्यांहून अधिक मुलांत जंत आढळतात तेथे वर्षातून एकदा, व ५० टक्क्यांवर दोनदा, सर्वांनाच औषध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते. आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षे वयोगटास ते दिले जाते.

अंकुशकृमीच्या अळ्या मात्र ओल्या मातीतून अनवाणी पायांत शिरतात व आतड्यात रक्त शोषून रक्तक्षय घडवितात. गोळीने जंत पडले तरी त्याच मातीतून पुन्हा नवे शिरतात. म्हणून शौचालये व चपला यांसाठीची देणगी आम्ही औषधखर्चाइतकीच निकडीची मानतो.